ज्या पाण्यात काहीच नव्हतं

आमच्या घरात शांतता नावाची वस्तू कधी आलीच नाही. आष्टीच्या बाजारातून आत वळलं की आमचं घर, आणि पुढच्या खोलीत अण्णांची शिलाई मशीन. लग्नसराईत ती मशीन एवढी पळायची की अण्णांनी पायडलवरून पाय काढला तरी तिच्या मनाने आणखी दोन झंपर शिवून मगच थांबायची. त्या खडखडाटाच्या वर मायचा आवाज. तिनं दारात उभं राहून मला "दत्त्या" अशी हाक मारली की तिकडं परतूरच्या स्टेशनात गाडी सिग्नल मिळूनही हलायची नाही; ड्रायव्हरला वाटायचं आपल्यालाच बोलावून राह्यलेत. त्यात दोन बहिणी, त्यांची रोजची भांडणं, एक शेळी आणि शेळीवरही ओरडणारा रेडिओ. रात्री सगळे झोपले तरी कोणी ना कोणी झोपेत बोलायचं आणि दुसरं कोणी झोपेतच त्याला उत्तर द्यायचं. मी सांगतो त्यातलं निम्मं वाचकांनी सोडून द्यावं. उरलेलं निम्मं खरं आहे, त्यातलंही बरंचसं.

असल्या घरातून उठून मी जालन्याच्या कॉलेजात बी.एस्सी.ला आलो आणि दुसऱ्या वर्षाची परीक्षा संपता संपता वाघमारे सरांनी मला बोलावून घेतलं. सर पुण्याहून डॉक्टरेट करून आलेले, बारीक चणीचे, बोलताना समोरच्याला वर्ग समजायचे. उन्हाळ्याच्या सुट्टीत विद्यार्थ्यांनी प्रत्यक्ष संशोधन करायचं अशी एक योजना त्यांनी खटपट करून कॉलेजात आणली होती. विषय नॅनोटेक्नॉलॉजी. तेव्हा आमच्या भागात हा शब्द सर आणि देव या दोघांनाच माहीत होता, आणि देवाबद्दल मला खात्री नाही. सरांनी स्वतःच्या डोक्यातला एक केस उपटून माझ्यासमोर धरला. "ह्याची जाडी बघ. ह्या जाडीचे हजार तुकडे केले, तर त्यातला एक तुकडा. एवढा चांदीचा कण आपल्याला करायचाय." आता गंमत बघा, जन्मापासून माझा धंदा एकच, समोर जे असेल ते दहा पट करून सांगायचं. गल्लीतल्या कुत्र्याचा मी लांडगा करायचो. आणि देवानं मला काम दिलं ते जगातली सगळ्यात लहान गोष्ट करायचं.

घरी सांगितलं तेव्हा अण्णांनी मशीन थांबवली. ती थांबली म्हणजे मामला गंभीर.

"सुट्टीत घरी येनार न्हाई म्हण की."

"संशोधन हाय अण्णा. चांदीचे कण करायचेत."

"केवढाले?"

"दिसत न्हाईत एवढे."

अण्णांनी सुईत दोरा ओवता ओवता विचार केला. "दिसतच न्हाईत, तर मंग तू ते केले का न्हाई केले, हे कोनाला कळनार?"

बहिणी फिदीफिदी हसल्या. मीही हसलो. पण तो प्रश्न मला कुसळासारखा टोचला तो टोचलाच. सरांकडे मी तोच विचारला, अण्णांचं नाव न घेता. सर म्हणाले, औरंगाबादला एका मोठ्या प्रयोगशाळेत इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप आहे. नमुना चांगला झाला तर तिथं नेऊ, आणि ज्याचा नमुना त्यानंच पडद्यासमोर बसायचं. झालं. त्या दिवसापासून मला दुसरं काही नको होतं. आपण केलेली दिसत नसलेली वस्तू एकदा डोळ्यांनी बघायची, आणि तिचा फोटो अण्णांच्या मशीनवर नेऊन ठेवायचा.

निवड आमची तिघांची झाली होती. त्यातल्या जालन्याच्याच मुलीचं लग्न ठरलं. दुसरा अंबडचा पोरगा मामाच्या लग्नाला म्हणून गेला तो परत आलाच नाही. त्या लग्नाची वरात अजून चालू असावी. सर स्वतः पेपर तपासायला औरंगाबादला गेले, आठवड्यातून एखादी चक्कर मारायचे. होस्टेल रिकामं, मेस बंद. शिपाई म्हणजे सकाळी कुलूप काढणारी आणि संध्याकाळी लावणारी एक सावली. आणि त्या एवढ्या मोठ्या इमारतीत एकटा मी.

एकटेपण कसं असतं ते मला माहीतच नव्हतं, कारण तशी संधी घरात कोणी दिली नव्हती. पहिले काही दिवस मजा वाटली. मग एका दुपारी किराणा दुकानदारानं "काय पाहिजे?" विचारलं आणि माझ्या घशातून आवाजच निघाला नाही. सकाळपासून, आणि आठवलं तर आदल्या दिवशीही, मी कोणाशी एक अक्षर बोललो नव्हतो. गंजलेल्या बिजागरीसारखा करकरलो तेव्हा कुठे "मुरमुरे" हा शब्द बाहेर आला. त्यानंतर मी आवाज शाबूत ठेवायला बोलायची सवय लावून घेतली. पंख्याशी बोललो. प्रयोगशाळेतल्या पालीशी बोललो. तिला माझ्या इतक्या गोष्टी सांगितल्या की शेवटी ती छत सोडून व्हरांड्यात राहायला गेली. होस्टेलच्या पत्र्याखाली बसवत नसे म्हणून मी दिवसभर प्रयोगशाळेतच असायचो. जेवायला स्टेशनाजवळ खानावळ होती. तिथं समोरासमोर बसलेली माणसं एकमेकांच्या ताटात बघून जेवायची आणि उठून जायची. मी मुद्दाम मीठ मागायचो, कोणी "हे घ्या" म्हणावं म्हणून.

आठवड्याला बूथवरून आष्टीच्या किराणा दुकानात फोन लावायचो आणि मायला बोलावून घ्यायचो. आता तिला काय सांगणार? तुझं पोरगं पालीशी बोलून राह्यलंय म्हणून? मी तिला दोस्त सांगितले. परभणीचा मुंजा, त्याला ठेच्याशिवाय घास उतरत नाही. मंठ्याचा कैलास, त्याला दही चालत नाही, झोपेत गणितं सोडवतो. एक शिवा, तो गातो. फोनच्या मागे मीच थोडं गुणगुणून दाखवलं. ही पोरं मी एवढ्या मनापासून तयार केली की फोन ठेवल्यावर होस्टेलच्या जिन्यात शिरताना कान लागायचे, शिवा आहे का वर म्हणून.

काम मात्र चाललं होतं, अडखळत. चांदीचे कण करायला चांदी थोडी आणि पाणी फार लागतं. पाणी कसं, तर ज्यात काही म्हणजे काहीच नाही. जालन्याच्या बोअरचं पाणी घेतलं तर त्यातलं मीठ आणि चांदी यांची गाठ पडते आणि भांड्यात पांढरंफेक ताक होतं. असलं ताक मी पहिल्या आठवड्यात एवढं केलं की अख्ख्या परतूर तालुक्याची कढी झाली असती. म्हणून पाणी उकळायचं, त्याची वाफ काचेच्या नळीतून न्यायची, त्या नळीवरून बाहेरून गार पाणी सोडायचं, आणि आतली वाफ थेंब थेंब होऊन टपकते ते धरायचं. ते डिस्टिल्ड वॉटर. गार पाणी सोडायला नळ चालू पाहिजे, आणि नळ यायचा तो त्याच्या मनानं. आला की मी खाणंपिणं सोडून नळीसमोर बसायचो.

बरं, नमुना करून ठेवता येत नव्हता. सोनेरी पिवळा रंग यायचा, मी नाचायचो, आणि दोन दिवसांत कण एकमेकांना चिकटून करडा गाळ खाली बसायचा. सर म्हणायचे, "चिकटले की संपलं. ते एकमेकांपासून लांब राहिले पाहिजेत. लांब आहेत तोवरच नॅनो." म्हणजे ताजा नमुना करायचा आणि लगेच न्यायचा. शेवटी सरांनी औरंगाबादच्या मायक्रोस्कोपवर एक दुपार मिळवली. एकच. ती हुकली तर पुढची वेळ सुट्टी संपल्यावर, तोवर योजनाच संपलेली. सिल्व्हर नायट्रेटही बाटलीत एका खेपेपुरतं उरलेलं. पण माझ्याकडे डिस्टिल्ड वॉटरचा एक कॅन काठोकाठ भरलेला होता, कितीतरी दिवसांचा थेंब थेंब जमवलेला. आदल्या दिवशी नमुना करायचा म्हणून मी सरांना वेळ विचारायला सकाळी बूथवर गेलो.

परत आलो तर जिन्यात धपाट्यांचा वास. मला वाटलं उन्हानं माझं डोकं फिरलं. तेवढ्यात वरून आवाज आला, "कोन्ही हाय का न्हाई ह्या एवढ्या मोठ्या शाळंत?" आणि मी तीन-तीन पायऱ्या एकदम चढलो.

माय प्रयोगशाळेत फरशीवर बसली होती. बाजूला स्टुलं होती, पण स्टुलावर बसणं म्हणजे तिच्या मते दवाखाना. सकाळच्या गाडीनं परतूरहून आली होती, कोणाला न सांगता. माझा कोरडा पडलेला माठ भरलेला दिसत होता, अंग ओलं. खिडकीत मातीच्या परळात पाणी, त्यावर चार-दोन चिमण्या. आणि ओट्यावर माझा कॅन. स्वच्छ धुतलेला. पालथा.

"माय, ह्यातलं पानी?"

"वतलं माठात. उरलं ते पाखरायला ठिवलं. कामून रे? माठ कोरडाठाक आन् पानी डब्यात कोंडून ठिवत्यात का कुठं? एवढी पोरं राहता, एकाला बी अक्कल न्हाई?"

मातीच्या माठात गेलेलं पाणी आता प्रयोगाला चालणार नव्हतं. मी तिच्यासमोर फरशीवर बसलो. माय उठली, माठातून गिलास भरला आणि माझ्या हातात दिला. "पे. तोंड बघ कसं सुकलंय. पन ह्या पान्याला चव न्हाई बाबा. हाय काय ह्याच्यात?"

"कायच न्हाई."

"आँ?"

"ह्याच्यात कायच नसावं लागतं माय. मीठ न्हाई, माती न्हाई, कायच न्हाई. सगळं काढून टाकल्यालं हाय. म्हणून तर ते चांगलं."

मायनं गिलासात वाकून बघितलं. मग म्हणाली, "कायच नसल्यालं, ते चांगलं कसं आसंल रे?"

आज सत्तावीस वर्षं झाली, मी शाळेत पोरांना विज्ञान शिकवतो, डिस्टिल्ड वॉटरच्या धड्याला दरवर्षी आधी तिचा हा प्रश्न फळ्यावर लिहितो.

मग तिचं लक्ष माझ्या बोटांकडे गेलं. सिल्व्हर नायट्रेटचे काळे डाग. "हे काय करून घेतलं?" "चांदी हाय माय ती." "आन् काळी?" तिनं पदरानं घासून बघितलं, डाग जातो का. तो जात नसतो, कातडी बदलते तेव्हाच जातो. मग तिनं गाठोडं सोडलं. एवढे धपाटे मी लग्नातही बघितले नव्हते, आणि हे मी वाढवून सांगत नाही. वेगळ्या फडक्यात ठेचा. "हा मुंजाचा. आन् दही निराळं आनलंय, त्या कैलासला दिऊ नको बराबर." तिनं इकडंतिकडं बघितलं. ओळीनं रिकामी स्टुलं, रिकामा व्हरांडा, त्यापलीकडं होस्टेलच्या कुलपं लावलेल्या खोल्या.

"कुठं गेलेत समदे?"

"जेवायला."

"समदेच?"

"समदेच."

"बरं," माय म्हणाली आणि दोन धपाटे माझ्यापुढं ठेवले. "तू खा."

मी खाल्ले. खाता खाता मला पाण्याचं सांगावंच लागलं, कारण माझं तोंड कधीच काही लपवू शकत नाही, ते फक्त वाढवू शकतं. उद्या दुपार. मायक्रोस्कोप. अण्णांचा प्रश्न. सांगताना मी हसत होतो, पण हसणं मधेच फाटलं. मायनं कपाळाला हात लावला नाही की हाय हाय केलं नाही. विचारलं एवढंच, "मंग हे पानी आत्ता व्हत न्हाई व्हय?"

"नळ न्हाई. वरून गार पानी सोडावं लागतं, सारखं."

"मागं हौदात हाय की. म्या बघून आल्ते."

"हौद खाली, आपन वर माय. एकानं खालून बादल्या आनायच्या आन् एकानं इथं जाळ बघायचा. जाळ सोडून गेलं तर काच तडकती. एकट्याला व्हत न्हाई ते."

माय पदर खोचून उभी राहिली होती. "एकटा कुठं हायेस आता?"

कपाटावर मी टाकी म्हणून एक पिंप चढवलं, त्यातून रबरी नळी काढली. माय हौदातून बादली भरून आणायची, मी कपाटावर चढून ती पिंपात ओतायचो, उडी मारून बर्नरपाशी. गार पाणी नळीवरून वाहून दुसऱ्या टोकाला सांडायला लागलं आणि मी ते मोरीत सोडलं तशी माय एवढ्यानं ओरडली की माझ्या हातातला चिमटा पडला. "सांडतोस काय पानी? येडा झालास व्हय?" मी समजावून सांगितलं की शास्त्रात असंच असतं, ते पाणी जातंच. "तुह्या शास्त्राला म्हनाव आष्टीला ये उन्हाळ्यात." तिनं त्या टोकाला दुसरी बादली लावली. ती भरली की खाली नेऊन हौदात ओतायची आणि हौदातून गार पाण्याची भरून वर आणायची. एक थेंब वाया जाऊ दिला नाही. आणि जिना चढता उतरता बोलणं चालू. शेळी व्याली. थोरलीला बघायला पाहुणे आले आणि शेळीनं पाहुण्यांची टोपी खाल्ली. अण्णा रात्री मशीनवर बसून मधेच विचारतात, दत्त्याला दिसलं का. आवाज जिन्यात घुमायचा, व्हरांड्यातून फिरून यायचा, आणि एवढे दिवस मुकी पडलेली ती इमारत आमच्या घरासारखी वाजायला लागली. आत वाफ, बाहेर माय, आणि मधल्या काचेतून टप, टप, टप.

ऊन कलंडलं तेव्हा पुरेसं पाणी झालं. मी ते उकळलं, शेवटची चांदी टाकली, तिचे कण करणारं सायट्रेट थेंब थेंब सोडलं. माय बाजूला उभी, मूल बाळंतिणीच्या खोलीतून बाहेर येणार असल्यासारखी. बराच वेळ काहीच नाही. मग काचेत मोहरी फुलल्यासारखा पिवळा रंग चढला.

"झालं?"

"झालं माय."

ती वाकून बघत राहिली. "गोमूत्रावानी दिसतंय," म्हणाली, आणि हात जोडले.

संध्याकाळच्या गाडीला तिला बसवायला गेलो. डब्याच्या खिडकीतून ती म्हणाली, "धपाटे त्यायला दे बराबर. आन् सांग, पुढल्या बारीला माय आली की जेवायला थांबत जा म्हनाव." मी हो म्हणालो. गाडी सुटली. मी प्लॅटफॉर्मवर तिच्या आवाजाची वाट बघत उभा होतो, ती लांबून काहीतरी ओरडेल म्हणून. ती ओरडली नाही. हात हलवत राहिली फक्त, डबा दिसेनासा होईपर्यंत. मी परत आलो आणि होस्टेलच्या दारात बसून मुंजाच्या वाट्याचा ठेचाही संपवला. डोळ्यांत पाणी आलं ते ठेच्यानं. बहुतेक.

औरंगाबादला सर दारातच उभे होते. अंधाऱ्या गार खोलीत एक ऑपरेटर, कमी बोलणारा. तांब्याच्या बारीक जाळीवर माझ्या बाटलीतला एक थेंब वाळवला, यंत्रात घातला आणि मला पडद्यासमोर बसवलं. आधी नुसतं हिरवट धुकं. मग तो चकती फिरवत गेला आणि ते आले. गोल, काळे, ठळक. एकमेकांपासून अंतर राखून, रात्रीच्या वेळी शेतात लांब लांब झोपलेल्या माणसांसारखे. सरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बघ, एकही चिकटलेला नाही. फार छान." मी बघत होतो. त्या ठिपक्यांवर काहीतरी मोठं बोलायची ती वेळ होती, आणि मी ते नुसते मोजत बसलो.

ऑपरेटरनं फोटो घेतला, मग जाळी जराशी सरकवली. कोपऱ्यात दोन कण अगदी लगटून बसलेले दिसले. "हे खराब आहेत, पुढं जातो," तो म्हणाला.

"थांबा," मी म्हणालो. "ह्यांचा पण काढा."

"रिपोर्टात चालत नाही हा," सर म्हणाले.

"रिपोर्टात नको सर. मला पाहिजे."

सर ऑपरेटरला म्हणाले, "काढा."

आता माझ्या मुलीलाही उन्हाळ्यात इंटर्नशिप असते. घरी बसून, लॅपटॉपवर, कानात काहीतरी घालून. तिच्या खोलीचं दार बंद असतं. मी दिवसातून दोनदा उगाच चहा घेऊन जातो आणि बोलायला काहीतरी काढतो. "बाबा, मीटिंग चालू आहे," ती म्हणते. मी दार ओढून घेतो.

तो दुसरा फोटो मी आष्टीला नेला. अण्णांच्या मशीनवर ठेवला तेव्हा गल्ली जमली होती, आणि मी किती वाढवून सांगतो ते बघायला सगळे तयारीत होते. मी म्हणालो, "हे बघा. दिसले." एवढंच. अण्णांनी चष्मा पुसून फोटो उजेडाला धरला, उलटा केला, सुलटा केला, आणि मायकडे दिला. मायनं त्या लांब लांब बसलेल्या कणांवरून बोट फिरवत आणलं आणि कोपऱ्यात थांबवलं.

"आन् हे दोन?"

"ते चुकलेत माय. लांब राहायला पायजे होते."

मायनं माझ्याकडे बघितलं. मग फोटोकडे.

"चुकले न्हाईत," ती म्हणाली. "जेवायला बसलेत."